शेंदराखालची चीर

१२ जानेवारी १९६३. पाच बायकांना घेऊन मी अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होते. तेवढ्यात आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, चालत परत आला. सकाळी तो मिरचीचं एक पोतं घेऊन सायकलवरून नंदुरबारला निघाला होता. आता सायकल खांद्यावर होती, तिची पुढची तिरपी नळी सांध्यापाशी तुटून लोंबत होती. त्याचं डावं मनगट सुजलं होतं.

"वाटेत आणखी कुणाचं पोतं लादलंस?" मी विचारलं.

"नही माय. तुम्ही बांधी दिन्हं तेच एक."

"मग खड्ड्यात घातली असशील."

एक बाई हसून म्हणाली, "बाबा, सायकल शे ती, बैल नही!" सगळ्या हसल्या. मीही हसले. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला मी हाडवैद्याकडे पाठवलं आणि आपलं कर्तव्य झालं असं मानलं.

दुपारी बैलगाडीत मोडकी सायकल टाकून मी नंदुरबारला मिस्तरीकडे गेले. त्याने नळीचं तुटलेलं तोंड उजेडाकडे धरलं. अर्धी कड चकचकीत होती, अर्धी गंजून काळी पडलेली.

"बाई, हाई आज मोडेल नही शे. जुनी चीर शे." मग त्याने गंजलेल्या कडेवरून नख फिरवलं. नखाला लाल लागलं. तिथेच बोट ठेवून त्याने विचारलं, "आनि आठे शेंदूर कोनी भरा?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

मला चांगलं माहीत होतं. खंडेनवमीला अवजारांच्या पूजेसाठी सालदारानेच सायकल धुतली होती. त्यानेच मला हाक मारून केसाएवढी रेघ दाखवली होती, "माय, आठे चीर शे." भंगलेली वस्तू पूजेत ठेवत नाहीत. पाटावर फुलं मांडून झाली होती, आरतीला शेजारणी आल्या होत्या. मी तेलात शेंदूर कालवला, रेघेत दाबून भरला, वर कुंकवाचं बोट ओढलं आणि म्हटलं, "पूजा होऊ दे, मग बघू." नंतर मी पाहिलं नाही. तेव्हाच आणली असती तर पितळ भरून सांधता आली असती, असं मिस्तरी म्हणाला.

म्हणजे अंगणात त्या माणसाला सगळं आठवत होतं. माझं तोंड तो चार शब्दांत बंद करू शकला असता. मी बोलेन म्हणून तो थांबला होता, आणि मी हसले होते. निघताना ती नळी मी मिस्तरीकडून कापून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाचजणी कामावर आल्या. मी त्यांना बसू दिलं नाही.

"कुठे, भाभी? मिरच्या राहिल्यात," एकीने विचारलं.

"मिरच्या कुठे पळून जात नाहीत. चला."

त्यांना घेऊन मी सालदाराच्या झोपडीवर गेले. तो हात गळ्यात बांधून दाराशी बसला होता, शेजारी त्याची बायको होती. तुटलेली नळी मी सगळ्यांच्या मधे जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "ही चीर यांनी मला खंडेनवमीलाच दाखवली होती. शेंदूर मी भरला."