छत्तिसाव्या वर्षी बर्फावर

नागपूर स्टेशनवर २००३ च्या जूनमध्ये गाडी सुटता सुटता बाबा खिडकीशी आले. "पडलीस, आजारी पडलीस, काहीही झालं तरी कळवायचं. लपवायचं नाही." अकरा वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलेली मी, आता मिलिंदच्या व्हिसाला जोडलेली बायको म्हणून अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला निघाले होते. तिथं मला नोकरीची परवानगी नव्हती. हे सगळ्यांना माहीत होतं, पण फलाटावर कुणी त्याबद्दल बोललं नाही. मीही नाही.

घराजवळच्या पार्कात तळं होतं. हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झाला की पार्कवाले काठावर हिरवा झेंडा लावत, आणि निम्मं गाव स्केट्स चढवून तळ्यावर उतरायचं. आमची सात वर्षांची सई महिन्याभरात भिंगरीसारखी फिरू लागली. एकदा तिला म्हटलं, "मी पण येऊ का गं?"

ती हसली. "आई, अवर मॉम्स डोन्ट स्केट."

तिचं काय चुकलं? काठावरच्या बाकावर आम्ही चौघी मराठी बायका बसायचो, चौघींच्या हातात थर्मास.

दुसऱ्याच दिवशी मी सेकंडहँड दुकानातून स्केट्स आणले. मिलिंद म्हणाला, "छत्तिसाव्या वर्षी? हाड मोडलं तर, यार? आणि लोक बघतील."

"बघू देत."

सई शाळेत गेली की मी तळ्यावर जायचे. तेव्हा तिथं डोरोथी नावाची सत्तरीची बाई एकटीच फिरत असायची. मी तिसऱ्यांदा आपटले तेव्हा ती जवळ आली. उचललं मात्र नाही. गुडघे वाकव, पायांकडे नको, समोर बघ, एवढंच म्हणाली. घर्षण हा धडा मी अकरा वर्षं शिकवला. घर्षण नसणं म्हणजे काय, ते माझ्या माकडहाडाला तिथं कळलं.

फेब्रुवारीत मनगट मोडलं. बाबांना त्याच दिवशी फोन केला. प्लास्टर किती दिवस, एवढं त्यांनी विचारलं. आईनं फोन घेतला. "पुरे झाली थेरं. संसार बघ." बाकावरच्या चौघींत वयानं मोठ्या असलेल्या काकू भाजी घेऊन आल्या आणि डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, "आता तरी शहाणी हो." भाजी खाल्ली. शहाणी झाले नाही. पुढच्या डिसेंबरात झेंडा लागला त्या सकाळी मी तळ्यावर होते, आणि त्याच हिवाळ्यात न पडता अख्खी फेरी मारली. मग बाकावरच्या दोघी माझ्याकडे शिकायला आल्या. काकू नाही आल्या. त्यांना माझा अजून राग आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

२००७ च्या शेवटी मिलिंदला कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोत नोकरी चालून आली. तिथं बर्फ नाही, मराठी माणसं भरपूर. सगळे म्हणाले, भाग्यवान आहात. मला नुकतंच वर्क परमिट मिळालं होतं आणि इथल्या शाळेत मी पुन्हा फळ्यासमोर उभी राहिले होते.

"मूव्हर्सना कधी बोलवू?" मिलिंदनं विचारलं.

"मी नाही येणार."

त्याला वाटलं, मी थट्टा करतेय. दोन आठवडे आम्ही धड बोललो नाही. मग त्यानं ती नोकरी नाकारली. अधूनमधून तो अजून ऐकवतो, मी ऐकून घेते. निर्णय मात्र बदलत नाही.

आई फोनवर अजून विचारते, "घरी कधी येतेस?" मी तारीख सांगते आणि दर वेळी तिची चूक सुधारते, "आई, भेटायला येतेय. घरी तर आहेच मी."

आई पुन्हा तारीख विचारते. मी पुन्हा सांगते. पण शब्द मागे घेत नाही.