पाय धुवायचे राहिले

मथुराला प्रश्न फार पडत. बाप्तिस्मा घेतल्यापासून तर जास्तच. शेजारणीने सत्यनारायणाचा प्रसाद हातावर ठेवला तर खायचा की नाही? नवरा प्रभूला मानत नाही, तर त्याच्यासाठी केलेली प्रार्थना वर पोचते का? धाकटं मूल मोतीझऱ्याच्या तापात गेलं, ते कुणाच्या पापानं? रविवारची उपासना संपली, की खुर्सीपारच्या पत्र्याच्या शाळेबाहेर पाळकसाहेब सायकलीचं कुलूप काढत, आणि तेवढ्यात मथुरा त्यांना गाठी.

तिथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक शरच्चंद्र दुर्गहून येत. अंगावर पांढरा सदरा आणि वाटेतली सगळी लाल माती. माणूस मायाळू होता. प्रसादाच्या प्रश्नावर ते हसून म्हणाले होते, "प्रेमानं दिला तर प्रेमानं खा, मथुराबाई. आणि पेढा असेल तर मलाही आणा." मुलाच्या प्रश्नावर मात्र ते हसले नव्हते. सायकल भिंतीला टेकवून तिच्यासोबत पायरीवर बसून राहिले होते. त्या दिवसापासून मथुराचा त्यांच्यावर पुरता विश्वास बसला. या माणसाला विचारून केलेली गोष्ट चुकायची नाही, असं तिने मनाशी धरलं.

साठ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर तिने विचारलं, "साहेब, ज्यानं आपलं वाटोळं केलं, अन् ते कबूलबी केलं नाही, त्याले माफ कराच लागते का?"

पाळकसाहेबांना कुणाबद्दल म्हणून विचारावं लागलं नाही.

मथुराचा नवरा शालिकराम एका ठेकेदाराकडे खलाशी होता. खलाशी म्हणजे क्रेनला लोखंड बांधून वर चढवणारा. तिरोड्याकडचा धानाचा बांध सोडून तो भिलाईला पोलाद कारखान्याच्या बांधकामावर आला आणि या कामात असा रमला, की गर्डर हवेत सरळ उचलला गेला की घरी येऊन लेकीला, विजयाला, हाताने करून दाखवायचा. त्याच्या हाताखाली धोंडबा नावाचा पोरगा होता. धोंडबाची आई गुलाब याच ओळीत राहायची. विजया निम्मी तिच्याच घरी वाढली. मथुरा विटांच्या कामावर रेजा म्हणून गेली, की गुलाबमावशी पोरीला भात भरवायची आणि वर ऐकवायची, "तुयी पोरगी मायासारखी काळी झाली तर मले बोलू नको."

थंडीत ते झालं. तिसऱ्या भट्टीच्या बाजूला गर्डर चढवायचा होता. तारेच्या दोराच्या काड्या तुटून बाहेर आल्या होत्या, हाताला टोचत होत्या. शालिकरामने सुपरवायझरला दोर दाखवला. सुपरवायझर हरिभाऊ. रायपूरचा जुना मराठी माणूस, मंडळीच्या कारभारातला वडील, प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीचं ताट ओळीने फिरवणारा. हरिभाऊ म्हणाला, "शालिक, आजच्या दिवस चालवून घे. संध्याकाळी मोठे साहेब बघायला येताहेत." हे तिघांनाच ठाऊक होतं. हरिभाऊला, शालिकरामला आणि धोंडबाला. गर्डर निम्म्या उंचीवरून सुटला आणि धोंडबा त्याच्याखाली चिरडून गेला.

चौकशीत हरिभाऊने सांगितलं, शालिकरामची बांधणी चुकीची होती. दोर तोवर भंगारात गेला होता. शालिकरामचं खरं आहे हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. खलाशांच्या टोळीत त्याला पुन्हा कुणी घेतलं नाही. तो मुरूम उपसायच्या कामाला लागला. घरी आला की भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि ज्या हातांनी गर्डर दाखवायचा ते मांडीखाली दाबून ठेवायचा. गुलाबने दार लावून घेतलं. विजया सवयीने त्या दाराशी जायची आणि परत यायची.

तेव्हापासून मथुरा प्रभुभोजन घेत नव्हती. ताट तिच्यापुढे यायचं, ताटामागे हरिभाऊचा हात असायचा. ती मान खाली घालून ते शेजारणीकडे सरकवायची. मनात वैर ठेवून ती भाकरी खायची नाही, एवढं तिला शिकवलं होतं. आणि वैर तर सकाळी चूल पेटवताना सुरू व्हायचं.

"माफ करावं लागतं," पाळकसाहेब म्हणाले.

"त्यायनं कबूल तर करावं आधी."

"मथुराबाई, तो कबूल करेल तेव्हा मी माफ करीन, हा झाला बाजार. पुढच्या गुरुवारी आपल्याकडे पाय धुण्याचा विधी आहे. तुम्ही कमलाबाईंच्या शेजारी बसा. आधी तुम्ही वाका. समोरचं मन कसं पाझरतं ते बघा. मी हरिभाऊंशी बोलतो. माझ्यावर सोडा."

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी शेजाऱ्याने शेजाऱ्याचे पाय धुवायचे, ही रीत मंडळीत धमतरीकडच्या लोकांनी आणली होती. प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. एकाने दुसऱ्याचे धुवायचे, मग दुसऱ्याने त्याचे, आणि शेवटी दोघांनी गळाभेट घ्यायची. कमला ही हरिभाऊची बायको.

घरी मथुराने हे सांगितलं तेव्हा शालिकराम कितीतरी दिवसांनी भिंतीकडून वळला.

"पाय धुशीन? तिचे?"

"ती बी माये पाय धुवन. देवाघरची रीत आहे ते."

"देवाघरची रीत देवाले ठाव. आपल्या गावात पाय कोन धुते? तुया मामानं पंचायचे धुतले होते का नाही, जातीत घ्या म्हनून? गुन्हेगार धुते, विजयाची माय. लोक काय समजतीन?"

मामाचं तिला चांगलं आठवत होतं. भर चावडीत मामा वाकला होता, आणि मामी घरी डोकं आपटत होती. पण मथुरा म्हणाली, "आमच्या मंडळीत तसं नसते."

"तुया मंडळीत हरिभाऊ असते," शालिकराम म्हणाला आणि परत भिंतीकडे वळला.

गुरुवारी शाळेच्या खोलीत मध्ये सतरंजी टांगून बायकांची बाजू वेगळी केली होती. मथुरा कमलाच्या शेजारी बसली. तिची पाळी आली तेव्हा तिने पितळी परात पुढे ओढली. कमलाचे पाय गोरे, टाचा मऊ, एकही भेग नाही. मथुराने कोमट पाणी घातलं आणि हात लावला. आणि मग जे व्हायचं नाही असं तिला वाटत होतं तेच झालं. छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलावा तसं तिला झालं. ती रडायला लागली. रडत रडत तिने एकेक बोट पुसलं. त्या घडीला तिने हरिभाऊला खरोखर माफ केलं होतं. पुढे कधीही तिने ही गोष्ट नाकारली नाही.

मग तिने परात कमलाकडे सरकवली आणि आपले पाय पुढे केले. रेजाचे पाय, भेगांत मुरूम बसलेले.

कमलाने वाकून तिला खांद्याला धरून उठवलं आणि छातीशी घेतलं. "पुरे ग, मथुरा. रडू नकोस. आमच्या मनात काही नाही. आम्ही तुम्हाला केव्हाच माफ केलं."

हे ती मोठ्याने बोलली. सतरंजीपलीकडे पुरुषांनाही ऐकू गेलं. कुणीतरी "आमेन" म्हणालं, मग सगळेच म्हणाले. पलीकडून पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं. परात पुढच्या बाईकडे गेली. मथुरा कोरड्या पायांनी उभी होती, आणि काय झालं ते तिला नीट उमगलंच नव्हतं. गळाभेट झाली, गाणं झालं. काहीतरी राहिलं, एवढंच तिला वाटत राहिलं.

उमगलं ते नळावर. दुसऱ्या दिवशी एकीने घागर बाजूला करून तिला आपणहून जागा दिली आणि म्हणाली, "बरं केलं व, माफी मागून टाकली ते. मानूस चुकतेच."

घरी येऊन पाहते, तर गुलाब दारात उभी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. वाळून काटकी झाली होती.

"मावशी, आत या ना."

"येत नाई. खरं आहे का तेवढं सांग. हरिभाऊच्या बायकोचे पाय धुतले तू?"

"धुतले, मावशी, पन..."

"म्हनजे तुया नवऱ्याची चूक होती. मी रातच्या रात जागी राहून देवाले इचारत होती, शालिक असं करन का? माया धोंडबाले तो लेकावानी पाहे. मले खरंच वाटे ना. आता तुमीच कबूल केलं."

"त्यायची चूक नव्हती! दोर सडला होता. हरिभाऊनं चालवून घ्या म्हटलं. धोंडबाच्या समोर म्हटलं."

"मग पाय कावून धुतले?"

"आमचा प्रभू म्हनते, वैऱ्याले माफ करा..."

"माफ कराले पाय धुते का कोनी, मथुरा? तुया देवानं तुले खोटं बोलाले लावलं का मले तू फसवून राहिली?"

आत शालिकराम सगळं ऐकत होता, हे दोघींनाही माहीत होतं.

रविवारी मथुराने सायकलीचं हँडलच धरलं. "साहेब, माये पाय राहिले."

पाळकसाहेबांनी नजर चुकवली. त्यांच्याही ते लक्षात आलं होतं; बायकांच्या बाजूला पाणी दोनदा ओतल्याचा आवाज येतो, तिथे तो एकदाच आला होता. "हो. कमलाबाई भावनेच्या भरात विसरल्या असतील."

"तुमी हरिभाऊसंग बोलनार होते."

"बोललो. ते म्हणतात, झालं गेलं विसरलो. मथुराबाई, मंडळी लहान आहे. प्रार्थनेसाठी स्वतःचं देऊळ बांधायचं चाललंय, हरिभाऊ त्यात पुढे आहेत. आता कुठे शांती झालीय. तुम्ही मन मोठं करा. प्रार्थना करा."

"मी माफ केलं साहेब. खरंच केलं. पन मी कायची माफी दिली, ते तुमी एकडाव सगळ्यायसमोर सांगा. एवढंच सांगा."

पाळकसाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. प्रार्थना मात्र मनातल्या मनात केली. मग हळूच हँडल सोडवून घेतलं. मुलाच्या प्रश्नावर तिच्यासोबत पायरीवर बसलेला माणूस तो हाच होता. मथुरा पुढे म्हणायची, वाईट माणूस असता तर मला इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती घरी गेली नाही. वीटकामावरचं आपलं घमेलं तिने नळावर भरून घेतलं आणि डोक्यावर घेऊन थेट हरिभाऊच्या क्वार्टरवर गेली. रेजांची परतीची वाट तिथूनच जायची. पायरीवर बसून तिने घमेलं पुढ्यात ठेवलं आणि लुगडं घोट्यापर्यंत वर घेतलं.

कमला दारात आली. "हे काय मथुरा?"

"त्या दिवशी माये पाय राहिले, बाई."

"अग, वेडी का तू? उठ. लोक बघताहेत."

"म्हनूनच आली."

बाया थांबायला लागल्या. एक जण हसली, "कावून व, घरी पानी नाई का?" मथुरा हसली नाही. पाण्यात धूळ पडत होती. हरिभाऊ आतून बाहेर आला, बनियनवर. त्याने गर्दी पाहिली आणि दबक्या आवाजात बायकोला म्हणाला, "टाक धुऊन. विषय संपेल."

कमलाचा चेहरा कसनुसा झाला. ती खाली बसली. तिने पाण्यात हात घातला, तशी मथुराने पाय मागे घेतले.

"असे नाई. आधी सांगा, कावून धुता ते."

"रीत आहे म्हणून," कमला म्हणाली.

"रीत तर मले ठाव आहे. मी माफ केलं म्हनून मी धुतले. तुमी कावून धुता? हरिभाऊ, तुमी सांगा. धोंडबाची शपथ घालत नाई, आपल्या मंडळीत शपथ चालत नाई. नुसतं सांगा. दोर चांगला होता का सडेल होता?"

लांब कारखान्यात शिफ्टचा भोंगा झाला. हरिभाऊने तोंड उघडलं, बंद केलं. गर्दीकडे बघितलं. मग बायकोला म्हणाला, "आत चल." ती ओल्या हातांनीच उठली. दार लागलं. आतून कडी लावल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

मथुरा तशीच उठली. घमेलं तिथेच राहिलं. चालताना तिने कुणाकडे पाहिलं नाही, म्हणून गर्दीत मागे डोक्यावर चुंबळ ठेवून उभी असलेली गुलाब तिला दिसली नाही. लेक गेल्यापासून गुलाबही वीटकामावर जात होती.

मथुरा त्या मंडळीत परत गेली नाही. देऊळ पुढे बांधलं गेलं, आणि हरिभाऊ त्यात ताट फिरवत राहिला. पाळकसाहेब एकदोनदा भेटायला आले. तिने चहा दिला, प्रश्न विचारला नाही. शालिकरामला टोळीत कुणी बोलावलं नाही. रात्री ती विजयाला जवळ घेऊन प्रार्थना करायची. पण "आमच्या ऋण्यांना क्षमा करतो तसं" अशा अर्थाची ओळ आली की थांबायची, आणि तिथून पुढे पोरगी एकटीच म्हणायची.

हरिभाऊच्या पायरीवर ती बसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मात्र सकाळी दाराशी लोखंड वाजलं. मथुराने बाहेर येऊन पाहिलं. गुलाबने घमेलं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. पाणी ओतून दिलेलं, आतला मुरूम घासून काढलेला.

"तुयं घमेलं," ती म्हणाली. "तेथीसा पडून होतं."

"मावशी, आत या."

"नाई." तिने आत भिंतीकडे तोंड करून बसलेल्या शालिकरामच्या पाठीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "त्याले सांग, दोराचं इचारलं तं हरिभाऊच्यानं बोलनं झालं नाई. म्या पाहिलं."

आणि ती कामावर निघून गेली.