डावी कड

मोठ्या सेन्सरचा, महागडा फुल फ्रेम घ्यावा की लहान सेन्सरचा, स्वस्तातला क्रॉप, या घोळात मी गारखेड्यातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात उभा होतो. शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ आपला फुल फ्रेम देऊन क्रॉपवाला मागत होते. लोक नेमकं उलटं करतात, म्हणून मी बघतच राहिलो. त्यांच्या चपलांना चुना लागला होता. कॅमेऱ्याला डोळा लावण्याआधी ते दर वेळी नुसत्या डोळ्यांनी डावीकडं बघून घ्यायचे.

"इतका चांगला कॅमेरा का देताय?" मी विचारलं.

"कडंचं लई घेतो हा. तीच लेन्स क्रॉपवर लावली तर नुसतं मधलं येतं, कडा कटून जातात. बरं ऱ्हातं."

ते प्लॉटिंगवाल्यांसाठी जमिनीचे फोटो काढायचे. मागच्या दुष्काळात शहरापासून पार फुलंब्रीपर्यंत शेतं विकली गेली, आटलेल्या विहिरी बुजल्या आणि वरून प्लॉट पाडणाऱ्या चुन्याच्या रेघा पडल्या.

"बुजवलेल्या हिरीपाशी कुणीतरी वाकून पाणी शेंदत असतं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "जागेवर बघावं तर कुणी नाय. फोटूत मात्र डाव्या कडंला असतंच."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"ऱ्हायला कुठं तुम्ही?"

मी आमच्या नव्या सोसायटीचं नाव सांगितलं. त्यांनी हातातला कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"त्या जागेचे फोटू मीच काढलेत. तुम्ही बी क्रॉपच घ्या."

मी क्रॉपच घेतला. बाल्कनीतून मात्र अजून एकही फोटो काढलेला नाही.