मशरूम चिकटलं का?

दिल्लीत द्वारकेच्या त्या सोसायटीत कुठे काही सैल झालं की बळवंतरावांचे हात शिवशिवत. खुर्चीचा पाय, चपलेचा अंगठा, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी, काही म्हणून त्यांच्या तावडीतून सुटत नसे. बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, पण गोंदाची ट्यूब खिशातून निवृत्त झाली नाही. मुलगा सुजय, त्यालाही त्यांनी असंच, न विचारता, ओळख काढून गुरुग्रामच्या कंपनीत लावून दिलं. पोराला वेड समुद्राचं! एक दिवस कडाक्याचं भांडण झालं आणि तो अंदमानला निघून गेला. मागे राहिली त्याची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी.

वडिलांशी त्याने बोलणं टाकलं. आईला, हेमलताबाईंना, मात्र दर रविवारी निरोप यायचा: 'मशरूम चिकटलं का?'

मशरूम म्हणजे बशीएवढं मऊ, निळं प्रवाळ. मनात आलं की दगड सोडायचं आणि टाकीभर भरकटायचं. पंपात ओढलं गेलं तर चिंध्याच. सुजयने आईला सांगून ठेवलं होतं, "खडीच्या वाटीत ठेव, वर मच्छरदाणीचा तुकडा बांध. हात लावू नका. ते आपणहून धरेल." बाई तसं करत, फोटो पाठवत. मुलगा त्यांना तेवढाच उरला होता.

एकदा जाळीतूनही ते निसटलं. बाई टाकीपुढे बसून रडल्या. बळवंतरावांना ते बघवेना. चांगल्या मनानेच केलं हो त्यांनी! बाई भाजीला गेल्या तशी प्रवाळ बाहेर काढलं, पंच्याने खसखसून पुसलं, तळाला गोंद माखला आणि दगडावर दाबून धरलं.

बाई परतताच ते म्हणाले, "अच्छा, आता बघ. बिल्कुल फिट! हलणार नाही."

"अहो, काय केलंत हे?"

हललं नाहीच. आधी आक्रसलं, मग विरघळून त्याचा शेंबूड झाला. करायला गेले गणपती, झाला मारुती. दगडावर गोंदाचा पांढरा डाग तेवढा राहिला.

रविवारी निरोप आला. "जुना फोटो पाठव ना यार, त्याला काय कळतंय," बळवंतराव खालच्या आवाजात म्हणाले. बाईंनी त्या दगडाचाच फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

उत्तर लगेच आलं: 'बाबांनी चिकटवलं ना?'

बाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. बळवंतरावांनी एका बोटाने 'हो' लिहिलं.

त्यानंतर रविवार येतात, निरोप येत नाही. बळवंतराव वाटी धुतात, खडी भरतात, जाळी बांधून टाकीत ठेवतात. आत काही नसतं, तरी मग तिला हात लावत नाहीत.