गुहेतले आडवे काटे

सत्तरच्या दशकात, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, आमची भूशास्त्राची सहल बस्तरकडच्या एका गुहेत जायची होती. वर्गात मी एकटीच मुलगी, म्हणून आईने साफ नाही म्हटलं. तेव्हा आमच्या सरांच्या पत्नी घरी आल्या. बाबांच्या हातमागाशेजारी बसून चहा घेतला आणि आईला म्हणाल्या, "मी जाते ना सोबत. माझ्याजवळच राहील ही." दगडधोंड्यांत त्यांना काडीचा रस नव्हता. केवळ माझ्यासाठी त्यांनी तो खडखडता प्रवास केला, हे कळायलाही मला पुढे काही वर्षं लागली.

गुहेत छतावरून लोंबणारे चुन्याचे सुळके पुस्तकात वाचले तसेच होते. थेंब ठिबकतो, चुना मागे राहतो, सुळका वाढतो. पण एका कोनाड्यात सरांनी टॉर्च फिरवला आणि आम्ही सगळे पुढे सरकलो. भिंतीतून बोटभर लांबीचे पांढरे काटे निघाले होते. काही आडवे, काही चक्क वर वळलेले.

"यांच्या आत केसाएवढी नळी असते," सर म्हणाले. "पाणी तिच्यातून टोकापर्यंत येतं, पण थेंब पडण्याइतकं नसतं."

मी वहीत उतरवून घेतलं. पाणी वर कसं चढतं ते मात्र समजलं नाही, आणि सर्वांसमोर विचारायची लाज वाटली.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबा चौथी शिकलेले विणकर. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"यात काय कठीण हाय वं?" म्हणत त्यांनी वाटीत पाणी घेतलं आणि धुतलेल्या सुताचं टोक त्यात बुडवून वर धरलं. ओल हळूहळू सुतावर सरकू लागली.

"पाह्य, चढून राहिलं ना पाणी? थेंब पडते का कुठं? मंग पाणी सुकते अन् चुना तिथंच राहते, सुतावरच्या खळीवानी."

तोंडी परीक्षेला बाहेरगावच्या परीक्षकांनी नेमकं त्या काट्यांबद्दलच विचारलं. मी वाटी आणि सुताचं सांगितलं.

"हे कुणी शिकवलं?"

"बाबांनी. ते माग चालवतात."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "त्यांना माझा नमस्कार सांगा."

मी घरी पोचताच नमस्कार सांगितला. बाबांनी खरोखर हात जोडले, जणू ते गृहस्थ दारातच उभे होते. मग म्हणाले, "तुह्या मायले पण सांग, तेच नाही म्हणत होती ना जायाले. सगळं, पयल्यापासून."