मांजर रडलंच नाही

१५ फेब्रुवारी १९५६. माळेगावच्या आमच्या गुऱ्हाळावर मी गुळाची फडकी धूत होते. शेजारी माझे चुलत सासरे, तात्या, बैलांच्या जोखडाची गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहत होते. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. गाडीत बसण्याआधी ते वाकून चाकं बघत, विहिरीवर गेले की आधी दोर. सगळे त्यांना ‘भेदरट तात्या’ म्हणत. त्यांचं उत्तर ठरलेलं, “भ्यालो म्हणून तर अजून हाय!”

आदल्या दिवशी बारामतीला तंबूतला सिनेमा पाहिला होता. आधी मुलांसाठी कार्टून दाखवलं. जादूची टोपी घातलेलं मांजर यंत्राच्या दोन फिरत्या रुळांत सापडतं, पापडासारखं चपटं होऊन बाहेर येतं, अंगठा तोंडात धरून फुंकतं आणि पुन्हा गुबगुबीत! माझी पाच वर्षांची कुसुम हसून लोळत होती. तात्या मात्र उभे राहून ओरडले, “आरं, बंद करा त्ये!”

“ए म्हाताऱ्या, खाली बस! मांजर दिसंना!”

“आजोबा मांजराला भ्यालं रं!”

सगळा तंबू हसला. परतताना मी म्हटलं, “तात्या, गंमत असते ती. पोरांना कळतं.”

“तुला कळतंय, सूनबाई. हिला कुणी सांगितलंय?” थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, “चित्र वंगाळ न्हाय. पर मांजरानं एकदा तरी रडाय पायजे हुतं.”

फडकी पिळताना मला ते आठवून हसू आलं. तेवढ्यात मागून कुसुमचा आवाज आला, “तात्या, मी पापड होते, बघा!”

ऊस घालणारा गडी मोळी आणायला वळला होता. बैल ऊस पिळायचा चरक फिरवत होते आणि कुसुम त्यापाशी उभी होती. तिच्या झग्याची बाही रुळांत गेली होती. मी कोयता उचलून धावले. तात्या ओरडले नाहीत. ओरडण्याने बैल बुजले असते. ते धावत जाऊन बैलांसमोर छाती लावून उभे राहिले. जोखड त्यांच्यावर आदळलं. बैल थांबले. मी कोयत्याने बाही कापली, तेव्हा रूळ आणि कुसुमची बोटं यांत काहीच अंतर उरलं नव्हतं.

तात्या खाली बसले. “बोटं हायती का बघ, सूनबाई. नीट बघ.”

“मग मी अंगठा फुंकला असता की!” कुसुम म्हणाली. कुणी हसलं नाही.

छातीच्या त्या माराने तात्या अंथरुणाला खिळले आणि पाडव्याआधीच गेले. तोवर कुसुम खोलीत आली की आधी तिचे हात हातात घेऊन बघत, मग बोलत. तेव्हापासून मीही भिते. भेदरट म्हणतील त्यांनी म्हणावं.

पण ते पुढचं. त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बैल जुंपले, तशी मी कुसुमला कडेवर घट्ट धरून चरकाशी गेले आणि तिची लाकडी बाहुली, ठकी, रुळांत सरकवली. काडकन आवाज झाला. पलीकडे चिपाडात तुकडे पडले. कुसुम ते जुळवत बसली. जुळेनात. मग तिने भोकाड पसरलं. मी तिला गप्प केलं नाही.