पंपाच्या खोलीची न बनवलेली बाजू

भूतबित, चकवा असलं काही कोणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा ठेवायला जाते. गेममधले बग शोधणं हे माझं काम. विचित्र काही दिसलं तर कोडमध्ये कुठेतरी चूक आहे, बस्स! त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते घडलं.

मी आणि माझ्या मैत्रिणीने एक अॅडव्हेंचर गेम केला होता. वाळत चाललेल्या संत्र्याच्या बागेत हरवलेलं पाणी शोधायचं. बाग नरखेड तालुक्यातली आमचीच, जुने फोटो बघून काढलेली. मग खेळणारे मागे लागले – व्हीआर आणा, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवला की थेट बागेतच उभं असल्यासारखं वाटेल! म्हटलं आणू. ज्याला हवं त्याने हेडसेट लावावा, बाकीच्यांनी स्क्रीनवर खेळावं.

आता आमची एक पद्धत सांगते. स्क्रीनवर जे दिसणारच नाही, ते आम्ही बनवत नाही. बागेतल्या पंपाच्या खोलीला पुढची भिंत होती, दार होतं. मागे नुसतं राखाडी. हेडसेट लावला की माणूस कुठेही डोकावतो, म्हणून अशा जागा भरणं चालू होतं. पंपाची खोली राहिली होती.

तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, नागपुरात हुडकेश्वरला माझ्याकडे होते. बागेत पडून खुबा मोडला, धंतोलीत ऑपरेशन झालं. हाड छान जुळलं, पण आबा उठायलाच तयार नाहीत. "पडीन मी." एकच पालुपद, चार महिने! डॉक्टरांनी बजावलं होतं, आता चालले नाहीत तर कायमचे बसतील. मी आधी चिडायचे, मग स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

एका रविवारी दुपारी म्हटलं, हेडसेटने चक्कर येते का ते आबांवरच बघू, आणि खुर्चीत बसल्या जागी त्यांच्या डोळ्यांवर तो चढवला.

"घोड्यावानी झापडं काहून बांधून राहिली वं मले?"

मान फिरवून सगळी बाग बघितली. मग जे सुरू झाले! "पानी हरवलं? अवो येडे, हरवलं नाही, आपनच तोडलं हाय! बहारासाठी झाडाले ताण देऊन राहिलो ना!"

मी कपाळाला हात लावला. फुलं यावीत म्हणून संत्र्याचं पाणी काही दिवस मुद्दाम तोडतात, आणि मी शेतकऱ्याची लेक, फोटोतल्या त्या मलूल झाडांवरून दुष्काळाची गोष्ट रचून बसले होते!

मी हसतेय तोवर आबा म्हणाले, "पंपाच्या खोलीमागं पपई कोनं लावली वं? दोन झाडं. एक वाकडं हाय, निळ्या पाइपाचा टेकू देल्ला."

हेडसेटमध्ये दिसतं तेच माझ्या लॅपटॉपवर दिसतं. तिथे राखाडी. फक्त राखाडी.

"थांब, मांगच्या बाजूनं पाहू दे," म्हणत आबा उठले. कशालाही न धरता. एक पाऊल, दुसरं, तिसरं... मी दोन्ही हात पसरून मागे. मी ओरडले असते तर ते पडले असते. त्यांनी हेडसेट काढला आणि खाली पायांकडे बघितलं.

"मी उभा हाय का वं?"

"हो आबा."

त्यांना पुन्हा हेडसेट लावला, तर आता त्यांनाही राखाडीच! मी एकूण एक फाइल तपासली. पपई कुठेही नाही. शेवटी बाग बघणाऱ्या सुधाकरदादाला, माझ्या चुलतभावाला, फोन लावला. काही न सांगता विचारलं, पंपाच्या खोलीमागे काय आहे?

"पपई लावली ना दोन. काकाले नागपूरले नेलं, त्याच्या बादमदी. एक वाकडं झालं तं मागल्या हप्त्यात निळा पाइप बांधला. काहून?"

"आबांना सांगितलं होतंस?"

"पपईचं का सांगाचं वं कोनाले!"

मैत्रीण म्हणते, आबांनी अंदाज केला असेल. निळ्या पाइपाचा? मी तरी अजून उत्तर शोधतेच आहे, सापडलेलं नाही.

त्या दिवसापासून आबा रोज चालायला लागले, आणि गेल्या महिन्यात गावी परतले. स्टँडवर एसटीची पायरी चढताना मी दंड धरायला गेले, तर माझा हात झटकला.

"सोड वं, येते मले."

चढलेसुद्धा. खिडकीची जागा पकडून वर मलाच म्हणतात कसे, "जा आता घरी, उन्हात काहून उभी हाय?"

बस निघून गेली तरी मी तिथेच उभी होते, डोळे पुसत आणि हसत.